गाव्रिलपेक्षा मोठी डिस्क

पेंचोला दुखणं एकच होतं, आणि ते वरच्या मजल्यावर राहायचं. गाव्रिल नावाचं.

एरवी गडी धडधाकट. रुसे शहराच्या ट्रॉलीबस डेपोत मेकॅनिक म्हणून बत्तीस वर्षं पाने फिरवले. गुडघे शाबूत, दात निम्मे शाबूत, जेवण दोन माणसांचं. पण जिन्यात गाव्रिलच्या बुटांचा आवाज आला की पेंचोच्या पोटात कळ यायची. कारण काय म्हणाल तर काहीच नाही, आणि म्हणाल तर सगळंच. हेमंतात अख्खी बिल्डिंग बाल्कनीत मिरच्या भाजते, सगळ्यांच्या कुठं कच्च्या, कुठं कोळसा. गाव्रिलच्या मात्र एकसारख्या, जशा काही शाळेत जाऊन आल्यात. जानेवारीत सगळ्यांच्या गाड्या खोकतात, याची पहिल्या किल्लीला उठते. माणूस जमीनमोजणी खात्यातून रिटायर झालेला, घरात एकटाच, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावणारा, आणि वर बिल्डिंगचा सेक्रेटरी. लोकांनी एकमतानं निवडलेला. एकमतानं म्हणजे पेंचोचा हातही वर होता. स्तोयांकानं कोपर धरून वर केला होता.

हेही पेंचोनं सोसलं असतं. पण त्याची बायको स्तोयांका, चाळीस वर्षं संसार केलेली, हॉस्पिटलात नर्स म्हणून भल्याभल्यांना सुया टोचलेली बाई, नळ गळला तरी म्हणायची, "गाव्रिलला विचार."

नळ! बत्तीस वर्षं पाने फिरवलेल्या माणसाच्या घरात!

तर झालं असं. मार्चमध्ये व्हिएन्नाहून लेकीचा फोन आला. आल्बेना म्हणाली, "बाबा, माझी नेदा पाऊल टाकायला लागली. पाऊलसण आपल्याकडेच करायचा. आणि माझ्या पाऊलसणाची ती फिल्म टीव्हीवर लावायची. आधी तिची पावलं, मग माझी. माझ्याशिवाय कुणी बघायची नाही हां, शपथ घ्या."

आता हा पाऊलसण म्हणजे, पोर पहिली पावलं टाकायला लागलं की घरात गोल पाव भाजतात, पांढऱ्या कापडावरून तो गडगडवतात आणि पोराला त्याच्यामागं सोडतात. पलीकडे बुटक्या मेजावर कात्री, पेन, कंगवा, पुस्तक असलं काहीबाही मांडलेलं असतं. पोर पहिला हात ज्याला लावील तो त्याचा पुढचा धंदा. शास्त्रात आहे की नाही ठाऊक नाही, पण रुसेत आहे.

आणि या फिल्मवर पेंचोच्या घरात तेहतीस वर्षं खटला चालू होता. पेंचोचं म्हणणं, आल्बेनानं पाना उचलला. सरळ चालत आली आणि माझा बारा नंबरचा पाना उचलला, बापाची लेक. स्तोयांकाचं म्हणणं, पाना नाही नि फिना नाही, थर्मामीटर उचलला. प्रत्येक नाताळाला, प्रत्येक वाढदिवसाला, दुसऱ्या ग्लासानंतर हा खटला उभा राहायचा आणि चौथ्यानंतर तहकूब व्हायचा. पुरावा एकच. स्तोयांकाचा भाऊ बोटीवर आचारी होता, त्यानं परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यावर ती फिल्म घेतलेली. मग कॅमेरा बिघडला, टेप माळ्यावर गेली, भाऊ देवाघरी गेला. याच हिवाळ्यात त्याच्या बायकोला ती सापडली. फोटो स्टुडिओवाल्यानं तिच्यावरून फाइल काढून पेंचोच्या कॉम्प्युटरवर घातली आणि सांगितलं, "टेप कुजलीय, आता परत चालणार नाही. हे जपा."

ते जपायचं कशावर, तर पेंचोच्या कॉम्प्युटरवर. तो चालू केला की पहिली पाच मिनिटं चढावरच्या ट्रॉलीबससारखा कण्हायचा आणि मधेच निळा पडायचा.

"बॅकअप घ्यायला हवा," स्तोयांका म्हणाली. "गाव्रिलकडे ती पेटी आहे बघ, डिस्क घालायची."

बघ कशाला? पेंचोनं ती आधीच पाहिली होती. गेल्या वर्षी बिल्डिंगच्या सभेला गाव्रिलनं टेबलावर ठेवली होती. करड्या अॅल्युमिनियमची, दोन डिस्का मावणारी, पुढं निळा दिवा. लोक पाणीपट्टीवर भांडत होते आणि पेंचो सबंध वेळ त्या दिव्याकडं बघत बसला होता.

"माझ्या पोरीची पहिली पावलं गाव्रिलच्या घरात? मग पोरगीच द्यायची होती ना दत्तक!"

"अरे, पावलं नाही रे, फाइल."

"माझी पेटी मी आणीन. याच्याहून मोठी आणीन."

आणि आणली. इंटरनेटवरून मागवली. गाव्रिलच्या पेटीत दोन डिस्का, हिच्यात चार मावतील एवढी. डबलरोटीच्या ओव्हनाएवढी दिसत होती. पेंचोनं ती दिवाणखान्यात मधोमध ठेवली, वायर लावली, निळा दिवा लागला. एक नाही, चार! त्यानं पडदे सरकवून अंधार केला आणि स्तोयांकाला हाक मारली. मग कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटर म्हणाला, इथं काही नाही.

काढली, परत लावली. काही नाही. डेपोत जशी बंद मोटरीला मारायचे तशी बाजूला एक चापट मारली. काही नाही.

पेंचो पेटी काखोटीला मारून कुरिअरच्या कचेरीत गेला. तिथं काचेमागं एक मुलगी नखं रंगवत होती.

"बिघडलेला माल आहे. परत घ्या."

"फॉर्म भरा काका. मूळ खोका आणलात?"

"खोक्यात बायकोनं कांदे ठेवलेत."

"खोक्याशिवाय परत घेता येत नाही. बरं, बिघाड काय लिहू?"

"लिहा, रिकामी आहे."

मुलीनं ब्रश खाली ठेवला. पेटीचं झाकण उघडून आत पाहिलं. पेंचोकडं पाहिलं. रांगेतल्या पाच जणांनी पेंचोकडं पाहिलं.

"काका, आत डिस्क कुठाय?"

"तेच तर म्हणतोय मी!"

"अहो, ही नुसती पेटी असते. डिस्क वेगळी आणून घालायची. तुम्ही बरणी विकत घेतली तर आत लोणचं येतं का?"

रांगेतला एक जण हसला. पेंचोनं त्याचं तोंड नीट ध्यानात ठेवलं. मग पेटी उचलून, जणू आपण फक्त दाखवायलाच आणली होती अशा थाटात बाहेर पडला. तरणीताठी मुलगी, आणि लोणच्याचा दाखला देते. वर बरोबर देते, हे जास्त लागलं.

आता डिस्क निवडायची. बिल्डिंगखालच्या बाकावर विषय निघाला आणि निघाला तो मिटेचना. तळमजल्यावरची त्सोनामावशी, वय ब्याऐंशी, कॉम्प्युटर आयुष्यात पाहिलेला नाही, ती म्हणाली, "जड असेल ती घे. कलिंगड घ्या, नवरा घ्या नाही तर काहीही घ्या, हातात जड लागलं पाहिजे." डेपोतला जुना जोडीदार मीतो म्हणाला, "नवी कशाला घेतोस? माझ्याकडे पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यातली आहे. चार वर्षं एक मिनिट बंद नव्हती. घोटीव माल." पेंचोनं विचार केला, चार वर्षं एक मिनिट न झोपलेल्याच्या हातात आपण आपली ट्रॉलीबस दिली असती का? नसती. मीतो रागावला तो आठवडाभर बोलला नाही. तेवढाच आठवडा शांत गेला.

आणि मग जिन्यात गाठ पडली. कुणाची, ते सांगायला नको.

"शेजारी, डिस्क घेताय असं ऐकलं," गाव्रिल म्हणाला. गुंडी लावलेली. हातात पाव.

"कुणाकडून ऐकलं?"

"स्तोयांकाबाई म्हणाल्या. एक सांगू का? फिरत्या तबकडीची घेऊ नका. आत सुई तरंगत असते, चालू असताना धक्का लागला की गेली. बिनफिरत्या भागांची मिळते, लहान असते, महाग पडते, पण पडली झडली तरी चालते. आणि कुठलीही घ्या, पण दोन घ्या. एकच प्रत म्हणजे प्रत नव्हेच."

सल्ला चोख होता. पेंचोला पहिल्या वाक्यालाच पटला होता. हीच तर पंचाईत! दुसऱ्या कुणी दिला असता तर त्यानं हसतहसत घेतला असता. आता गाव्रिलनं लहान म्हटल्यावर मोठी घेणं भाग होतं, बिनफिरती म्हटल्यावर फिरती, आणि दोन म्हटल्यावर एक.

दुकानात गेला तो थेट म्हणाला, "फिरती दाखवा. जड."

"किती टेराबाइट, बाबा?" दुकानदार पोक्त होता, चष्मा कपाळावर.

"आमच्या बिल्डिंगमध्ये एकाकडे दोनची आहे."

"मग तुम्हाला चारची देऊ." धंदा कळणारा माणूस.

घरी आणून बसवली, जोडली. आतून घर्रर्र आवाज आला. तो ऐकून पेंचोला डेपो आठवला आणि डोळे भरून आले. मग त्यानं पडद्यावर आकडा वाचला आणि डोळे कोरडे झाले. चार नव्हते. तीन पूर्णांक सहा काहीतरी.

अर्ध्या तासात तो परत दुकानात.

"माप मारलंत! चार सांगून साडेतीन!"

"बाबा, सगळ्या डिस्का अशाच दाखवतात. बनवणारे एका पद्धतीनं मोजतात, कॉम्प्युटर दुसऱ्या पद्धतीनं."

"मटणवाला असं बोलला असता तर मी त्याला सुऱ्याखाली घातला असता."

"जगातल्या सगळ्या अशाच, तुमची शपथ."

पेंचो काउंटरवर वाकून, इकडंतिकडं बघून, हळूच म्हणाला, "म्हणजे दोनची आहे, तीही कमी दाखवत असेल?"

"एक पूर्णांक आठ."

"दोनसुद्धा नाही?"

"दोनसुद्धा नाही."

पेंचो घरी येताना शीळ वाजवत आला.

संध्याकाळी त्यानं फिल्म डिस्कवर घातली. घातली म्हणजे हलवली. इथून काढून तिथं ठेवली, जशी माणसं पँट या कपाटातून त्या कपाटात ठेवतात. एकच वस्तू दोन ठिकाणी ठेवायची म्हणजे स्वतःवर विश्वास नसल्याचं लक्षण, असं त्याचं मत होतं. दुसऱ्या दिवशी तो कण्हणारा कॉम्प्युटर त्यानं भंगारवाल्याला देऊन टाकला, आणि टीव्हीला ती पेटी थेट जोडता येते हे स्वतःचं स्वतः शोधून काढलं. कुणालाही न विचारता! हे त्यानं स्तोयांकाला तीनदा सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" जरा निराळं होतं, पण शीळ वाजवणाऱ्या माणसाला असलं ऐकू येत नाही.

शनिवारी पाऊलसण. व्हिएन्नाहून आल्बेना आली, कडेवर नेदा, गाल असे की चावावेत. त्सोनामावशीनं पाव भाजला, वर मध लावला. पांढरं कापड अंथरलं. बुटकं मेज मांडलं आणि ज्यानंत्यानं आपापलं आणून ठेवलं. स्तोयांकानं थर्मामीटर, मावशीनं कात्री, आल्बेनानं पेन. पेंचोनं तोच बारा नंबरचा पाना, पॉलिश करून.

दाराची घंटी वाजली. गाव्रिल. नवा शर्ट, गुंडी लावलेली.

"याला कुणी बोलावलं?"

"मी," स्तोयांका म्हणाली. "हळू बोल."

गाव्रिलनं खिशातून रुमाल काढला, तो उलगडला, आणि मेजावर एक पितळी होकायंत्र ठेवलं. मोजणीच्या कामातलं, जुनं, घासून सोन्यासारखं केलेलं. खिडकीतून आलेल्या उन्हात ते असं झळकलं की नेदानं लांबूनच बोट केलं, "आ!"

"अगंबाई, मोजणीदार होणार वाटतं पोरगी!" मावशी म्हणाली.

पेंचोनं आपल्या पान्याकडं पाहिलं. होकायंत्राशेजारी पाना म्हणजे लग्नात आलेला प्लंबर दिसत होता. त्याची नात, त्याच्या घरात, त्याच्या मेजावर, आणि गाव्रिलचा धंदा उचलणार!

मग त्याला सुचलं. फिल्म लावायची म्हणून टीव्हीजवळ पेटी चालूच होती. ती त्यानं वायरींसकट उचलली आणि मेजावर होकायंत्राच्या अगदी पुढं आणून ठेवली. चार निळे दिवे.

"शेजारी," गाव्रिल हळूच म्हणाला, "चालू आहे ती."

"चालूच हवी. दिवे लागतात."

"फिरती आहे ना पण—"

"पाव सोडा!" पेंचो ओरडला.

पाव गडगडला. नेदा उठली, डुलली, दोन पावलं, चार पावलं. सगळे वाकून बघायला लागले. पोरगी मेजाशी आली. होकायंत्राकडं बघितलं. निळ्या दिव्यांकडं बघितलं. आणि दिव्यांवर तळवा थापला.

"कॉम्प्युटरवाली! इंजिनियर!" पेंचोनं टाळ्या पिटल्या, मावशीला मिठी मारली, गाव्रिलच्या पाठीवर गरजेपेक्षा जोरात थाप मारली. तिकडं नेदाला वायर सापडली. पोरांना वायर सापडली की काय करतात, ते कुणी शिकवावं लागत नाही. तिनं दोन्ही हातांनी धरली आणि मटकन खाली बसली.

पेटी मेजावरून लादीवर आली. धाडकन.

पोरगी वाचली, हातभर अंतर होतं. दिवेही चालूच होते. फक्त आतली घर्रर्र गेली आणि तिच्या जागी निराळा आवाज आला. टिक. टिक. टिक. टिक.

पेंचोनं टीव्ही लावला. टीव्ही म्हणाला, इथं काही नाही. पेंचोनं पेटीवर चापट मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"बाबा," आल्बेना म्हणाली, "दुसरीकडे असेलच ना?"

पेंचोच्या डोळ्यांपुढं भंगारवाल्याची गाडी कोपऱ्यावरून वळत होती. आल्बेना पोरीला घेऊन खाली बसली आणि तिच्या केसांत तिनं तोंड खुपसलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पेंचो त्या टिकटिकीकडं बघत राहिला. पाना जिंकायलाच हवा असं नव्हतं आता त्याचं. थर्मामीटर उचललेला निघाला तरी चाललं असतं.

"आहे," स्तोयांका म्हणाली. "दुसरीकडे आहे."

"कुठं?"

ती ॲप्रनला हात पुसत राहिली. "तू पेटी मागवलीस ना, त्याच दिवशी मी ती फाइल किल्लीएवढ्या पेनड्राइव्हवर घेतली आणि मिरचीच्या चटणीच्या बरणीबरोबर वर नेऊन दिली. तुला सांगितलं असतं तर तू महिनाभर फुगला असतास."

वर. म्हणजे वर. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम छताकडं पाहिलं, गाव्रिल सोडून. तो बुटांकडं बघत होता.

पेंचोला एकाच वेळी सुटल्यासारखंही वाटलं आणि मेल्यासारखंही. "चल," तो गाव्रिलला म्हणाला, "आणू."

जिन्यात गाव्रिल थांबला. पाठीमागं दार ओढून घेतलं.

"शेजारी, एक बोलायचंय. मी ती फिल्म बघितलीय."

"बघितलीस? माझ्या पोरीची? मी बघितलेली नाही!"

"प्रत घेतली की उघडून बघावी लागते, नीट आली का म्हणून. नाही तर घेतली काय नि न घेतली काय." त्यानं गळ्याजवळची गुंडी चाचपली. "तिच्यात एक हात आहे."

"कसला हात?"

"मेजाच्या कडेनं येतो. अंगठ्याला पट्टी बांधलेला. आणि पाना पुढं सरकवतो. पोरगी थोडी वळली की परत सरकवतो. पाच वेळा."

पेंचोनं कठडा धरला. त्या आठवड्यात मोटरीच्या पट्ट्यात त्याचा अंगठा सापडला होता. हे त्याला आठवत होतं. बाकीचं त्यानं तेहतीस वर्षं इतक्या वेळा निराळं सांगितलं होतं की खरं काय ते त्याचं त्यालाच विसरायला झालं होतं.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. मी दोन प्रती केल्यात. एक सगळी, आणि एक... कडा जरा कापून. तिच्यात हात दिसत नाही. कुठली आणू ते तुम्ही सांगा."

पेंचोला त्या क्षणी गाव्रिलचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात आला नव्हता. मिरच्या चांगल्या भाजतो, समजू शकतो. पण माणसानं चांगलं असायलाही काही मर्यादा? कापलेली घेतली तर पाना जिंकेल, आणि मग मरेपर्यंत जिन्यात हा समोरून येणार, गुंडी लावून, काही न बोलता.

"सगळी आण," पेंचो म्हणाला. "तुझे उपकार घेऊन मी या जिन्यानं वरखाली करणार नाही."

फिल्म लागली. जुनं घर, जुना गालिचा, स्तोयांकाचा मृत भाऊ कॅमेऱ्यामागून गाणं म्हणतोय. पाव गडगडला. एवढीशी आल्बेना उठली. आणि डावीकडून हात आला. पट्टी बांधलेला. पाना पुढं.

"बाबा!" आल्बेना किंचाळली. "हा तुझा हात!"

पेंचोनं मान खाली घातली. स्तोयांकानं तोंड उघडलं, तेहतीस वर्षांचं साठवलेलं बोलायला, आणि तसंच उघडं राहिलं. कारण उजवीकडून दुसरा हात आला. लाल नखांचा. आणि त्यानं थर्मामीटर पुढं सरकवला.

डावा पुढं, उजवा पुढं. पाना, थर्मामीटर, पाना, थर्मामीटर. मधोमध ती एवढीशी पोरगी दोन्हीकडं बघत उभी. मग ती वळली, खाली बसली, घरंगळत आलेला पाव उचलला आणि खायला लागली.

"मला भूक लागली होती!" आल्बेना ओरडली. "तुम्ही दोघं कसले मेले भांडताय, पोराला खायला कोण घालणार?"

मावशी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. स्तोयांका आता लाल नखं नसलेले हात पाठीमागं लपवत म्हणाली, "मला वाटलं होतं, कॅमेऱ्यात माझा दिसत नसेल." पेंचो गाव्रिलकडं वळला. "अरे, दुसरा हात का नाही सांगितलास?"

"स्तोयांकाबाईंनी फिल्म माझ्या हाती विश्वासानं दिली होती," गाव्रिल म्हणाला.

आल्बेनानं फिल्म परत लावली. परत हसणं. परत लावली. सगळे हसत होते, एक गाव्रिल सोडून. तो खुर्चीच्या कडेला बसून टीव्हीकडं बघत होता. त्या दोन हातांकडं. कुणासाठी तरी पाना पुढं सरकवणाऱ्या, कुणासाठी तरी भांडणाऱ्या. आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते पेंचोनं पटकन ओळखलं. दुसऱ्या कुणाला ओळखता आलं नसतं. पण पेंचो ते तोंड रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत होता.

दोन मावतील अशा पेटीत दोन डिस्का, आणि ठेवायला शेजाऱ्याच्या पोरीची पावलं.

पेंचोनं दोन ग्लासांत राकिया ओतली, घरची, जर्दाळूची दारू. एक स्वतःसमोर ठेवला. दुसरा टेबलावर, गाव्रिलच्या बाजूला.

गाव्रिलचं लक्ष नव्हतं. पेंचोनं ग्लास बोटभर पुढं सरकवला. थांबला. मग अजून बोटभर.